तिचा सूर चुकावा म्हणून

धाकट्या,

काल तुमच्या बँडच्या पंधरा वर्षांच्या कार्यक्रमाला मी गुपचूप आले होते. माझ्या बाळंतपणात तू जिला "ताई, दोनच महिने गं" म्हणून माझ्या जागी गायला आणलंस, तिच्याच नावाने लोक ओरडत होते. तिचा सूर चुकावा म्हणून मी मागे देव पाण्यात घालून उभी होते. मी चाल लावलेल्या गाण्यात ती दुसरं कडवं विसरलीच! आणि काय झालं कळेना, मीच ते मोठ्याने म्हटलं. तुझी गिटार थांबली.

"ताई?" तू माईकवरच म्हणालास.

मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावत बसले. हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणून सांगते: तिने तिथूनच कडवं उचललं, आणि मेलीने माझ्याहून चांगलं म्हटलं.

तुझी,
ताई