सूर्याकडे तोंड करून

गुरुजी, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. आज शाळेत जे घडलं ते दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. तुमचा खेळ मी माझ्या तिसरीला शिकवते. पटावर चारच मुली. परिपाठ झाला की पटांगणात सूर्याकडे तोंड, समोर पूर्व, डावीकडे उत्तर, आणि मग मी काढलेला नकाशा घेऊन चिठ्ठी शोधायची. तुम्ही चिठ्ठीखाली गुळाचा खडा ठेवायचात, मी चिक्की ठेवते. लेकरं जीव खाऊन पळतात.

आज तपासणीला साहेब येणार म्हणून सकाळचा खेळ राहिला. साहेब आलेच नाहीत, ते नेहमीचंच. मग चार वाजता मी मुलींना नकाशा दिला. पश्चिमेला तीनशे पावलं, कडुलिंबाचं झाड. त्या झाडामागे मी लपून बसले. दहा मिनिटं झाली, वीस झाली, कुणी येईना. तसंच एक लिंब पूर्वेच्या शिवारात आहे, कठडा नसलेल्या विहिरीवर, हे एकदम ध्यानात आलं. चप्पल तिथेच टाकून मी कापसातून पळाले. हाका मारत होते, ओ येत नव्हती. विहिरीशी पोचले तर तिघी पावलांवरून भांडत होत्या आणि चौथी काठावर पालथी पडून आत चिठ्ठी शोधत होती. दंडाला धरून तिला ओढलं आणि पाठीत धपाटा घातला. ती रडत म्हणाली, "बाई, तुमीच सांगितलं न्हाई का, सूर्याकडं तोंड केलं की समोर पूर्व? मग पश्चिम पाठीमागंच की. आमी पाठीमागंच आलोत." मावळतीचं ऊन माझ्या डोळ्यांवर येत होतं. मी सूर्याकडेच तोंड करून उभी होते, समोर पश्चिम.

संध्याकाळी तिची आई शाळेत आली. "लेकरू हिरीत गेलं असतं म्हंजे, बाई?" मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "माझ्या गुरुजींनी असंच शिकवलं होतं." जुन्या पद्धती अशाच, म्हणत त्यांनी विषय मिटवला.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहायचं धाडस करते. एकदा तुम्ही आम्हाला मुद्दाम दुपारनंतर पटांगणात नेलं होतं आणि सगळा वर्ग चुकला होता. "आता सूर्य पाठीशी घ्या," हे तुम्ही तीनतीनदा म्हणवून घेतलं होतं. गुरुजी, ती आई समोर उभी होती ना, तेव्हाही मला ते आठवत होतं.