घर क्रमांक एक्केचाळीसची टेप

मी, पितांबर नथ्थू फिरके, वय एकोणसाठ, निवृत्त संगणक चालक, मूळ राहणार यावल, हल्ली राहणार जळगाव, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली न येता, नशापाणी न करता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. किडन्या शाबूत नाहीत, पण त्याची कायद्याला गरज नाही. दाखला मुद्दाम घेतला, कारण पुढे सातव्या कलमात जे लिहिलं आहे ते वाचून कोणीतरी म्हणेलच की म्हाताऱ्याला भ्रम झाला होता.

कलम १. जळगावचं राहतं घर, त्यातली भांडीकुंडी, फ्रीज आणि पोस्टातली शिल्लक माझी पत्नी इंदिराबाई हिला. तिच्या हयातीत घर विकायचा विषय कोणी काढू नये. चाळीस वर्षं माझ्या तोंडाचा पट्टा तिने ऐकला, निदान भिंती तरी तिच्या असाव्यात.

कलम २. यावलची दीड एकर केळीची जमीन चिरंजीव हेमराज याला. विहिरीवरची मोटर त्याने दरवर्षी नीट तपासून घ्यावी. "चालतंय ना, मग कशाला खोलायचं" हा त्याचा स्वभाव माझ्याकडून आला आहे. त्या स्वभावाने काय होतं ते त्याने कलम ५ मध्ये वाचावं.

कलम ३. माझा धाकटा भाऊ कौतिक याला माझा दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर. मला धुळ्याला नोकरी लागली तेव्हा याने यावलभर सांगितलं होतं की पितांबर सरकारात टेप वाजवायला लागला. भर पंगतीतही सांगितलं. मी तेव्हा हसलो, पण विसरलो नाही. आता बस म्हणावं वाजवत.

कलम ४. माझ्या कपाटात खालच्या खणात, लग्नातल्या शालूंच्या मागे, स्टीलचा डबा आहे. त्यात एक काळी कार्ट्रिज टेप आहे, वीट अर्धी केल्यासारखी. त्यावर बॉलपेनने 'हि. चाचणी, ९/१२/८८' असं लिहिलं आहे. ही टेप मी माझे जुने सहकारी आणि या मृत्युपत्राचे व्यवस्थापक हिलाल दगडू महाजन यांच्या ताब्यात देतो. तिच्याबद्दलच्या सूचना काटेकोर आहेत. टेप उभी ठेवावी, आडवी नको. लोहचुंबक, स्पीकर, मिक्सर यांच्याजवळ नको. वर्षातून एकदा शेवटपर्यंत पळवून परत गुंडाळावी, नाहीतर पट्ट्या एकमेकींना चिकटतात. मशीनमध्ये घालण्यापूर्वी कोपऱ्यातला बाण 'सेफ'कडे फिरवावा, म्हणजे चुकून वर काही लिहिलं जाणार नाही. आणि दर पाच वर्षांनी त्या काळी जे काही साधन चालत असेल त्यावर नवी प्रत काढून ती वाचून पाहावी. वाचून पाहिली नाही तोवर प्रत काढली असं समजू नये. टेप म्हणजे लोणचं नव्हे, ठेवली आणि मुरली असं होत नाही.

कलम ५. आता ती टेप काय आहे ते.

धुळ्याच्या ज्या कचेरीत मी होतो तिचं नाव लिहीत नाही, कारण दोष कचेरीचा नव्हता, माझा होता. तापीच्या एका उपनदीवर धरण होत होतं. पिंपळटेक नावाचं गाव पाण्याखाली जाणार होतं. घराघराची यादी संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे होतं. यादीत नाव असेल त्याला नव्या गावठाणात प्लॉट, आणि सामान न्यायला सरकारी ट्रक. नाव नसेल त्याला काही नाही.

दर शनिवारी त्या यादीची टेप काढायची आणि रजिस्टरात 'टेप झाली' लिहून सही करायची, असा नियम होता. टेपला चाळीस मिनिटं लागत. शनिवारी मला यावलची एस.टी. पकडायची असे. पावसाळ्यात कोऱ्या टेपा संपल्या, मागणी पाठवली, ती आली नाही. मी रजिस्टरात मात्र दर शनिवारी 'टेप झाली' लिहीत राहिलो. तेवीस शनिवार. अक्षर माझं चांगलं आहे, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

८ डिसेंबर १९८८, गुरुवार. लोकांना भेटायचा वार. मोजणीच्या वेळी लेकीकडे गेल्यामुळे राहून गेलेली एक विधवा आली, भिकुबाई अभिमन सैंदाणे, घर क्रमांक एक्केचाळीस. मी तिच्यापुढे फॉर्म सरकवला. ती म्हणाली, "मन्हापाईन कागद दवडाई जाई, भाऊ. तू तठेच लिखी टाक." मला दया आली. फॉर्म न भरता, ती सांगेल तसं मी थेट मशीनवर टिपलं. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. अशा पुरवणी नोंदी सदतीस झाल्या. छत्तीसांचे फॉर्म होते. हिचा नव्हता.

फेब्रुवारीत साहेबांनी सांगितलं, पावसाळ्यापूर्वीची यादी काढून दाखवा. जुनी टेप होती. टार नावाची आज्ञा असते. तिला 'सी' दिलं की टेपवर लिहिते, 'टी' दिलं की आत काय आहे त्याची नुसती यादी दाखवते, 'एक्स' दिलं की टेपवरचं मशीनमध्ये उतरवते. आता, टेप काढताना फाईलचं नाव मी नेहमी अगदी मुळापासून लिहायचो, पहिल्या तिरक्या रेघेपासून. तसं लिहिलेली फाईल उतरवली की ती दुसरीकडे कुठे जात नाही, सरळ आपल्या मूळ जागेवर जाऊन बसते, आणि तिथे आज जे असेल ते पुसून टाकते. हे मला ठाऊक होतं. आधी 'टी' देऊन बघायचं, हेही ठाऊक होतं. त्या दिवशी यावलला माझ्या पुतणीची सुपारी फुटायची होती आणि शेवटची एस.टी. साडेपाचला होती. मी 'एक्स' दिलं. पावसाळ्यापूर्वीची यादी आजच्या यादीवर जाऊन बसली.

छत्तीस नावं मी फॉर्म बघून आठवड्यात परत चढवली. कोणाला पत्ता लागला नाही. सदतिसावी मला आठवलीही नाही, हे मी शपथेवर लिहितो.

कलम ६. मार्चमध्ये ती आली. यादीत तिचं नाव नव्हतं. तेव्हा मला आठवलं. नव्याने नाव घालायचं तर यादीवर साहेबांची अंतिम सही झाली होती. कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं तर तेवीस शनिवार सांगावे लागले असते. मी म्हणालो, "बाई, तुमचं नाव कधी आलंच नव्हतं."

ती म्हणाली, "तू लिखं व्हतं ना, भाऊ. मी तुन्हा बोटेस्कडे देखत व्हती."

मी म्हणालो, "तुमची चूक होतेय. दुसऱ्या कोणी लिहिलं असेल."

ती अकरा गुरुवार आली. भांडली नाही, रडली नाही. माझ्या टेबलासमोरच्या लाकडी बाकावर बसायची आणि माझ्या बोटांकडे बघायची. बाराव्या गुरुवारी ती आलीच नाही. जुलैत धरणाचे दरवाजे पहिल्यांदा बंद झाले. ती कुठे गेली याची मी चौकशी केली नाही. उत्तर येईल अशी भीती होती.

कलम ७. १९९३ साली कचेरीची जागा बदलली. जुन्या टेबलाच्या खणात मला वर लिहिलेली टेप सापडली. अक्षर हिलालचं होतं. त्याची जळगावला बदली व्हायच्या आधी, माझ्या रजिस्टरावर विश्वास न बसल्याने, त्याने स्वतःच्या एका टेपवर एक प्रत काढून बघितली होती, हे मला अलीकडे त्याच्याकडूनच कळलं. तारीख ९ डिसेंबर, म्हणजे भिकुबाई येऊन गेल्याचा दुसरा दिवस. मी 'टी' देऊन पाहिलं. यादीची फाईल आत होती. तारीख, वेळ, आकार, सगळं बरोबर. 'एक्स' देण्याची हिंमत झाली नाही. टेप पिशवीत घालून घरी आणली. जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा तो बाकही मीच घेतला. का घेतला ते मला सांगता येत नाही.

तेव्हापासून दर गुरुवारी तो बाक ओला असतो.

मी शुद्धीत लिहीत आहे. बाक व्हरांड्यात आहे, वर पत्रा आहे, जवळ नळ नाही. मे महिन्यात जळगावात पंचेचाळीसला पारा असताना, दुपारी धुणं अर्ध्या तासात वाळतं तेव्हाही, बाकाची डावी कड ओली असते आणि गाळाचा वास येतो. पहिली काही वर्षं इंदिराबाई शेजारच्या पोरांना बोल लावायची. मग एका गुरुवारी फडकं हातात घेऊन ती म्हणाली, "अहो, कोणी आलं की मला हाक मारत जा. बाई माणूस ओल्या लुगड्याने बसून जाते, पाणी तरी विचारू." मी विचारलं, तू पाहिलंस का? ती म्हणाली, "पाहायचं काय त्यात. पुसते तर मीच." तिने पुन्हा विषय काढला नाही. कपाटातून कधी कधी टेप गुंडाळल्याचा किर्र आवाज येतो, तो मात्र ती ऐकत नाही. तो फक्त मला येतो.

कलम ८. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला आकडे सांगितले तेव्हा मी टेप घेऊन हिलालच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात गेलो. त्याच्याकडे तसलं जुनं मशीन आहे. ड्राइव्हचं रबरी चाक उन्हाने डिंकासारखं झालं होतं. त्याने दुसरं काढून बसवलं, टेप दोनदा पळवली, बाण 'सेफ'कडे केला. मशीनवर त्या जागी दुसरी कुठलीही फाईल नाही याची त्याने आधी खात्री केली. मग मला म्हणाला, "नाना, 'एक्स' तुम्ही दाबा. पण काय आहे ते आधी सांगा."

मी सगळं सांगितलं, वर लिहिलं आहे तसं. तो म्हणाला, "नाना, मार्चमध्ये मला एक ट्रंक कॉल लावला असता तर मी सांगितलं असतं, टेप तुमच्याच टेबलाच्या खणात आहे. त्याच दिवशी नाव परत आलं असतं."

मी फोन लावला नव्हता, कारण लावला असता तर हिलालला कळलं असतं. इतकी साधी गोष्ट होती.

फाईल उतरली. घर क्रमांक एक्केचाळीस, भिकुबाई अभिमन सैंदाणे. नोंद घेणार, पी. एन. फिरके. आणि शेऱ्याच्या रकान्यात माझीच ओळ, जी मी नऊ वर्षांत पार विसरलो होतो: 'अंगणात निंबाखाली तान्हा मुलगा पुरला आहे. माती ट्रकमधून नेऊ द्यावी.'

कलम ९. त्या नोंदीचा छापील कागद काढून, तो घेऊन हिलाल आणि मी दोंडाईच्याला भिकुबाईची मुलगी ताईबाई हिच्याकडे गेलो. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. बोट फिरवत तिने सगळा कागद वाचला. शेऱ्यावर बोट थांबलं. ती म्हणाली, "माय माती लेवाले गई व्हती. टरक उनाच नही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, हाई इतला दिन तुन्हाजोडे व्हतं?"

मी हो म्हणालो. मग ताईबाईनेच सांगितलं: पाणी चढत असताना भिकुबाई डोक्यावर पाटी घेऊन गुरुवारी घरातून निघाली, आणि ती काही मिळाली नाही, पाटी मिळाली. ताईबाईने आम्हाला पाणी विचारलं नाही. खानदेशात दारी आलेल्याला पाणी विचारतात. तिने केलं ते बरोबर केलं.

नशिराबादचा माझा दोन गुंठ्यांचा प्लॉट मी ताईबाईला देतो. हेमराजने यात तोंड घालू नये. हे मी तिला तिथेच सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "प्लॉटनं मंग देखसूत. हाई पहिले बठ्ठासमोर वाची दखाड."

म्हणून कलम ५ आणि ६ मी मेल्यावर उघडण्यासाठी ठेवलेली नाहीत. परवा मंगळवारी नव्या पिंपळटेकच्या पारावर, ताईबाई आणि पंधरावीस माणसं समोर असताना, मी ती उभा राहून वाचली. 'मी लिहिलं होतं' हे मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून दोनदा म्हणालो. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

मला वाटलं होतं, एवढ्याने सुटेन.

कलम १०. निंबाचं खोड वैशाखात पाणी उतरलं की वर दिसतं, असं ताईबाई सांगते. तेवढे दिवस माझ्याकडे नाहीत. म्हणून हिलालने ताईबाईला सोबत घेऊन, ट्रक करून, ट्रकच करून, टेम्पो नव्हे, घर क्रमांक एक्केचाळीसच्या अंगणातली माती आणावी आणि नशिराबादच्या प्लॉटवर टाकून त्यात निंब लावावा. माझा बाक त्या निंबाखाली ठेवावा. त्यावर कोणाचं नाव रंगवू नये, माझं तर नाहीच. माझ्या अस्थी तापीत सोडू नयेत, त्या पाण्यात मला जागा नाही. यावलच्या शेतात बांधाला पुराव्यात.

यापूर्वी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. याच्या दोन प्रती आहेत, आणि दोन्ही मी शब्दन् शब्द वाचून ताडून पाहिल्या आहेत. आज गुरुवार आहे. बाकाची डावी कड ओली आहे. सही मी बाकावरच, उजवीकडे सरून, बसून करत आहे.

सही: पितांबर नथ्थू फिरके

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली:
१. हिलाल दगडू महाजन, विद्युत व संगणक दुरुस्ती, जळगाव
२. प्रमिलाबाई चुडामण बोरोले, निवृत्त शिक्षिका, शेजारी. (मी सही बाकाशेजारी उभी राहून केली आहे, बसले नाही. जागा नव्हती.)

स्थळ: जळगाव
दिनांक: १२ फेब्रुवारी १९९८