हौसाला आजी म्हणालो

मंगळवार, फेब्रुवारी २००३. शहापूर

आज तोंडातून गेलं ते गेलंच. म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढायला उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावर गेलो होतो. एका अंगणात पांढऱ्या केसांची, कमरेत वाकलेली बाई लाकडं रचत होती. मला हवा होता तसाच चेहरा. म्हटलं, "आजी, जरा उजेडाकडं बघा."

ती माझ्याकडं बघून हसली. "आजी कोनाला म्हंतोस रे? मी हौसा. सापगावच्या शाळंत तुला पाढे मीच सांगायची."

हौसा! चौथीतली माझ्या वर्गातली. म्हणजे माझ्याच वयाची, पंचेचाळीस. मी सत्तरी धरली होती. इतकं कसं झालं? आजी म्हणालो मी तिला, आजी!

कॅमेरा पिशवीत टाकला, तर म्हणाली, "काढ ना. लगीन झाल्यापासून माजा फोटो नाय."

काढला. तिनं ताठ उभं राहून पाहिलं, जमलं नाही.

निघताना काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "इथं तुझ्याहून म्हातारं कोण आहे?"

तिनं पाड्यावरच्या सातही घरांवरून नजर फिरवली. "कोनी नाय," म्हणाली. "आता मीच मोठी."