कुलूपवाल्याची खुर्ची

७ जानेवारी, रविवार

आलो बुवा एकदाचे! सामानातली एकच बरणी फुटली आणि तीही रिकामी होती, म्हणजे सुरुवात चांगलीच म्हणायची. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खाली रस्ता आणि रस्त्यापलीकडे माझं दुकान. खिडकीतून स्वतःच्या दुकानाची पाटी वाचता येते. चष्मेवाल्याला आणखी काय पाहिजे? चिमणीच्या (माझी लेक, वय आठ, तोंड अखंड चालू, म्हणून हे नाव) जिन्याच्या पायऱ्या मोजून झाल्या, शेजाऱ्यांची मांजर पकडून झाली आणि आता ती झोपली आहे. बायको म्हणते, इथे तरी जरा घरी थांबा. मागच्या गावात मी चार मंडळांचा चिटणीस होतो. कुठे काही उभं राहिलं की खांदा द्यायला मी पुढे. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, हे तिचं माझ्याबद्दलचं ठरलेलं वाक्य.

दुकान ज्या म्हाताऱ्याकडून घेतलं, त्यानं गिऱ्हाइकांच्या कार्डांचे चार खण मागे ठेवलेत. प्रत्येकाचा नंबर आणि डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, सुबक अक्षरात. मला हे अंतर फार आवडतं. माणूस सुटतो, टकला होतो, दाढी वाढवतो, पण मोठेपणी ठरलेलं हे अंतर मरेपर्यंत बदलत नाही. माझं त्रेसष्ट मिलिमीटर आहे.

२० जानेवारी, शनिवार

समोरचा शिंपी आला होता. सुईत दोरा ओवता येत नाही, अशी तक्रार. काम दहा मिनिटांचं, बसला तासभर. गावात कोणाशी ओळख झाली का, असं विचारलं. मी म्हटलं, चाळीस माणसांच्या डोळ्यांशी झाली आहे, पण ज्याच्याबरोबर चहा घ्यावा असा एक नाही. तेव्हा हळूच म्हणाला, की तो इथल्या फ्रीमेसन लॉजचा, म्हणजे एका जुन्या गुप्त बंधुमंडळाचा, सभासद आहे, आणि नव्या माणसाला भाऊ लागतात.

घरी सांगितल्यावर बायकोनं विचारलं, आपलं चांगलं भाड्याचं घर असताना लॉजवर कशाला राहायचं? फार हसलो. सभा दर शनिवारी चारला असते. शनिवारची दुपार खरं म्हणजे चिमणीची; सायकल शिकवायची ठरली आहे. आपण रविवारी शिकू, असं म्हटलं. चालेल म्हणाली, पण चित्र रंगवता रंगवता.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज मला बंधू करून घेतलं. काय काय झालं ते लिहायचं नाही असा शब्द दिलाय. इतकं लिहायला हरकत नसावी: डोळ्यांवर पट्टी होती, आणि ती सुटली तेव्हा काळ्यापांढऱ्या फरशीवर पांढरे एप्रन बांधलेली तीस माणसं माझ्याकडे पाहून हसत होती. मला रडू आलं. नंतर लांब टेबलावर जेवण. कोणी माझ्या पाठदुखीची चौकशी केली, कोणी चिमणीसाठी शाळेतली चांगली बाई सुचवली. एवढी वर्षं मी माणसं गोळा करत हिंडलो, पण मला कोणी असं गोळा करून घेतलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी पोस्टातला एक कारकून येणार आहे, म्हणजे मी शेंडेफळ राहणार नाही. त्याचा चष्मा मीच केला. लाजाळू आहे, एकटा राहतो. बाहुल्यांमधलं अंतर एकोणसाठ, पुरुषाच्या मानानं कमीच.

२ मार्च, शनिवार

हजेरीची पद्धत आज नीट कळली. इथे कोणाचीही खुर्ची रिकामी ठेवत नाहीत. एखादा आला नसेल तर त्याच्याहून नवा सभासद उठतो, त्याच्या खुर्चीत बसतो, त्याचा एप्रन बांधतो आणि त्याच्या नावाला 'हजर' म्हणतो. मग त्या नव्याच्या खुर्चीत त्याच्याहून नवा. छान कल्पना वाटली.

लॉजच्या चिटणीसांनी (निवृत्त हेडमास्तर, आवाज अजून वर्गातला) गावातल्या एका कुलूपवाल्याचं नाव घेतलं. खांबाजवळची खुर्ची रिकामी. सगळे आपापल्या बुटांकडे पाहायला लागले. शिंप्यानं माझा कोट खेचल्यासारखं वाटलं, पण तोवर मी उभा. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी बसतो म्हणालो. बसलो, हजर म्हणालो. थोड्या वेळानं माझं नाव आलं तेव्हा पोस्टातला कारकून माझ्या खुर्चीतून हजर म्हणाला, इतका लाजत की सगळे हसले.

जेवताना चिटणीसांनी पाठ थोपटून दुसरा भाग सांगितला: ज्याची खुर्ची, त्याचं घर. कुलूपवाल्याच्या आईकडे रोज डोकावायचं. आणि माझ्या घरी कारकून डोकावेल. मी म्हटलं, मी तर दुकानासमोरच राहतो, माझ्याकडे कशाला? ते म्हणाले, पद्धत आहे.

६ मार्च, बुधवार

म्हातारी गोड आहे. एकटीच असते, आणि चष्मा इतका जुना की भिंतीशीच बोलते. तिला हाताला धरून दुकानात आणलं, डोळे तपासले. तिचं कार्ड खणात होतं, त्याला लागून तिच्या मुलाचं. अंतर अडुसष्ट. त्याची चौकशी केली तर म्हणाली, येईल की आता.

तिला सोडून परतताना खालच्या शेजारणीनं सांगितलं, की कुलूपवाला जाऊन आठ महिने झाले.

आजारी असेल असं मी धरून चाललो होतो. मला कोणी सांगितलं कसं नाही?

९ मार्च, शनिवार

सभेच्या आधी चिटणीसांना गाठलं. मेलेल्या माणसाची हजेरी कशाला, असं स्पष्टच विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की आमच्या वहीतलं नाव खोडत नाहीत, आणि आठ महिने त्या खुर्चीसाठी कोणी उठलं नव्हतं. मालक परत येऊन बसेपर्यंत ज्यानं हजेरी दिली त्यानंच ती द्यायची. म्हटलं, मेलेला परत कसा येईल? ते म्हणाले, तेच तर.

मी सरळ माझ्या खुर्चीकडे गेलो. तिथे कारकून बसलेला. उठला नाही. लाजलाही नाही. चिटणीसांचं पेन वहीवर थांबलेलं, आणि कोणी रागानं पाहत नव्हतं हेच वाईट. सगळे प्रेमानं वाट पाहत होते. शेवटी खांबाजवळ जाऊन बसलो. भिडस्तपणा मला एक दिवस खाणार आहे.

१३ मार्च, बुधवार

म्हातारीचा नवा चष्मा तयार झाला, नेऊन दिला. मनात होतं, आता हिला स्वच्छ दिसेल, मी कोण ते कळेल आणि हा घोळ मिटेल. तिनं चष्मा घातला. आधी खिडकी पाहिली, मग आपले हात, मग माझ्याकडे वळली. चांगली मिनिटभर पाहत राहिली, माझ्या हनुवटीला बोट लावून.

मग म्हणाली, आलास? किती उशीर केलास रे.

नंबर बरोबर आहे. मी दोनदा तपासला.

१७ मार्च, रविवार

म्हातारीकडे पेटी उघडत नव्हती, तिथे दुपार गेली. घरी आलो तर चिमणी सायकल चालवत होती! कारकून कॅरियर धरून मागे धावत होता. मला पाहिल्यावर त्यानं हात हलवला. घरातला गळका नळ गळत नाहीये. बायको म्हणाली, घरात कोणीतरी लक्ष घालतंय ते बरंय. टोमणा होता, पण त्यात दम नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली. ती भांडते तेव्हा मी तिचा असतो.

कारकुनाला गमतीत दुकानात नेलं, पट्टी धरली. त्रेसष्ट.

कार्डावर माझ्याच अक्षरात एकोणसाठ आहे.

आरशासमोर उभं राहून माझं मोजलं. पासष्ट. पट्टी बदलली. पासष्ट.

२३ मार्च, शनिवार

गेलो नाही. बंधुत्व गेलं खड्ड्यात. दुकानातच बसलो, एका शिक्षिकेचे डोळे तपासत होतो. चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या तोंडून मोठ्यानं 'हजर' निघालं. बाई दचकल्या. मी खोकल्यासारखं केलं. पट्टी खाली ठेवली आणि त्यांना उद्या यायला सांगितलं.

उद्या रविवार आहे हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

२६ मार्च, मंगळवार

शिंप्याला धरलं. तूच मला नेलंस, आता सोडव, म्हटलं. बराच वेळ तो कापडावर खडूनं रेघा मारत बसला. म्हणाला, मी तुमचा कोट ओढला होता. मग म्हणाला, तो स्वतःही मुळात शिंपी नव्हता. शिंपी वारला, आणि हा त्याच्या खुर्चीत बसला, अकरा वर्षांपूर्वी. मी विचारलं, त्याआधी काय करायचास? तो आठवायला लागला. कपाळावर आठ्या, ओठ हलत होते. मग चहा आला आणि तो प्यायला लागला.

सुटका आहे का, एवढंच विचारलं. म्हणाला, आहे. तुमच्या घरच्यांपैकी एकानं जरी भर माणसांत सांगितलं की हा आमचा, तर तुमची खुर्ची तुमची. त्याच्याबद्दल कोणी सांगितलं नाही. कोण होतं, तेही आता माहीत नाही.

म्हणजे बायको आहे. चिमणी आहे. दोघी आहेत!

३० मार्च, शनिवार

दुकान आधीच उघडलेलं होतं. आत तो कारकून. माझा पांढरा कोट. माझ्यासारखंच डोकं तिरकं करून एकाचे डोळे तपासत होता. बायको डबा घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं, रस्त्यावर, ओरडून. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुमच्या आई वाट पाहत असतील, त्यांना एकटं ठेवू नका.

मला. अहो म्हणाली नाही. तेच तुम्ही, पण परक्याला म्हणतात तसं.

सदुसष्ट.

३ एप्रिल, बुधवार

माझी किल्ली घराला लागत नाही. कुलूप मी एका तारेनं उघडलं — चार सेकंदांत — मला हे येत नाही. मला कुलपातलं काही कळत नाही. आतून बायको किंचाळली. पळालो.

म्हातारीनं वाढलं. पानावर बसलो. माझी जागा कुठली ते विचारावं लागलं नाही.

५ एप्रिल

अडुसष्ट.

बायकोचा आवाज आठवतो. चेहरा — कपाळ आठवतं. चिमणी सगळी आठवते. शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो. तिनं पाहिलं. थांबली. तिनं ओळखलं, शपथेवर सांगतो — पण तो आला, दप्तर घेतलं, आणि —

रविवारी बंधुभेट आहे. नवे सभासद सहकुटुंब जुन्यांच्या घरी. चिटणीसांनी यादी लावली आहे. चष्मेवाला आमच्याकडे येणार. चिमणी येणार. सगळ्यांसमोर. एकदा सांगितलं की झालं.

७ एप्रिल, रविवार, दुपार

आत्ताच गेले. जिन्यात पावलं ऐकू येतायत. भराभर लिहितो.

आले होते. चिटणीसही. शिंपीही. बायकोनं आईचा चष्मा कसा आहे ते विचारलं. चिमणी मला 'नमस्कार काका' म्हणाली. मी पाणी आणायला आत गेलो. ती मागून आली. दार लोटलं. माझी बाही धरली.

"बाबा, मला माहितीये तू आहेस ते."

मी खाली बसलो. रडलो. म्हटलं, चल बाहेर, सगळ्यांसमोर एवढंच सांग, एकदाच. आई ऐकेल तुझं. आत्ता घरी जाऊ.

ती विचार करत राहिली. माझे डोळे पुसले तिनं, फ्रॉकनं. ती वाईट नाही. माझी मुलगी वाईट नाही, कोणी वाचलं तर — तिला दोष —

"पण ते घरी असतात, बाबा."

आणि गेली. बाहेर जाऊन त्याच्या मांडीवर बसली. मी पाणी नेलं. सगळ्यांना दिलं. तिलाही. तिनं घेतलं, थँक्यू काका म्हणाली — डोळे खाली — चिटणीसांनी खिशातून पेन काढलं आणि परत ठेवलं —

पावलं खाली पोचली. सायकलची घंटा. तिची आहे. खिडकीतून हाक मारली तर वर बघेल, अजून बघेल, तिचं नाव — तिचं खरं नाव, शाळेतलं, मीच ठेवलं होतं — आत्ता होतं ओठांवर —

आई हाक मारतेय. माझ्या नावानं नाही. उत्तर द्यायचं नाही. दात आवळून धरलेत. उत्तर द्यायचं ना