मांडीतली गाठ

अण्णा, परवा माझ्या पोटरीत गोळा आला आणि थोड्या वेळाने गेलाही. तेवढ्यावरून तुमची मांडी आठवली.

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तुम्ही इथे, या हिंदी मुलखात, रेल्वेच्या कारखान्यात पुन्हा कामावर जाऊ लागला होतात. वॅगनचे दरवाजे बसवायचं काम. मग उजव्या मांडीत गाठ आली. दरवाजा लागला असेल, असं तुम्हीच म्हणालात आणि आम्हाला ते पटलं. पोटाचं दुखणं मांडीत कसं उतरेल? आई विटेचा तुकडा चुलीवर तापवून, फडक्यात गुंडाळून शेकते आहे. तुम्ही पाय पसरून मटार सोलताय. शेजारचे भैयाजी चोळायला सरसोंचं, म्हणजे मोहरीचं, तेल आणून देतात. गाठ मात्र वाढतेच, पायरी चढताना कळ येते.

डॉक्टरांनी सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. "वही आँतवाला है," ते म्हणाले. म्हणजे तोच आतड्याचा कॅन्सर. स्नायूत एवढं रक्त खेळतं, तरी हा रोग तिथे सहसा मूळ धरत नाही. त्यांनी स्वतःही असं क्वचितच पाहिलं होतं, हेही सांगितलं. तेवढा स्नायू कापून काढला तर कदाचित थोडे महिने मिळतील, पण पाय पहिल्यासारखा चालणार नाही. तुम्ही विचारलंत, "और न कटवाऊँ तो कब तक चलूँगा?" ते सांगता येणार नाही, म्हणाले.

बाहेर येऊन तुम्ही आम्हाला म्हणालात, "मग चालतो."

आई कित्येक दिवस तुमच्याशी धड बोलली नाही. तुम्ही पाय ओढत रोज दतिया गेटच्या बाजारात भाजीला जात राहिलात. एकदा मी तुमच्या हातातली पिशवी घेतली, तर भर बाजारात म्हणालात, "पाय गेलाय माझा, हात नाही." मी पिशवी परत दिली. पुढे काठी आली, मग खाट. उन्हाळा संपायच्या आत तुम्ही गेलात. तुमच्या त्या निर्णयाबद्दल आई पुन्हा कधी बोलली नाही. एकदाच म्हणाली, "भाजी मात्र निवडून आणायचे."

तुमचं बरोबर होतं की चूक, हे मी अजून ठरवलेलं नाही. आता ठरवावंसंही वाटत नाही.

हे पत्र टाकणार कुठे? घरात माझ्या मुलांना मराठी समजते, पण उत्तर हिंदीत येतं. लिहायला बसले ती तुमच्या आठवणीने, हे खरं. पण लिहीत राहिले ते कुणाशी तरी मराठीत बोलायचं होतं म्हणून.