एव्हियाँला गेलो, मँचेस्टर टळावं म्हणून

रविवार, २३ एप्रिल २००६. बेसिंगस्टोक.
राजश्रीला मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात नोकरी आलीय. फिजिओथेरपीची टीम लीड. १ मेच्या बँक हॉलिडेनंतरच्या मंगळवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. अभिनंदन केलं. अगदी मनापासून. जायचं अर्थातच नाही. माझं ऑफिस इथे, तनूची शाळा इथे, आणि कौन्सिलच्या वेटिंग लिस्टवर चार वर्षं ताटकळल्यावर मिळालेल्या अलॉटमेंटमधले, म्हणजे कौन्सिलच्या भाड्याच्या जमिनीतले, माझे भाजीचे वाफे इथे. मेथी आत्ता कुठे वर आलीय.

पण बायकोला तोंडावर नाही म्हणणारा नवरा मी नव्हे. तिचं तिलाच नको वाटलं पाहिजे. याला मॅनेजमेंट म्हणतात. आयटीत एवढी वर्षं काढली ती उगाच नाही.

सोमवार, २४ एप्रिल.
प्लॅन तयार. लाँग वीकेंडला फ्रान्स. एव्हियाँ. हो, पाण्याच्या बाटलीवरचं तेच. तळ्याकाठी गाव, समोर डोंगर, हॉटेलात गरम पाण्याचा स्पा. कल्पना माझीच. म्हणजे वेबसाइट राजश्रीने दाखवली, हॉटेल तिने शोधलं, तिकिटंही तिनेच काढली, पण ‘छान आहे’ असं आधी मी म्हणालो.

गरम पाण्यात माणूस मऊ पडतो. मऊ पडलेल्या माणसाला काहीही पटतं. रोज एकेक मुद्दा हळूच सोडायचा. घाई करायची नाही. आवाज चढवायचा नाही.

तनूला विश्वासात घ्यावं म्हणून विचारलं. ती म्हणाली, बाबा, मला मँचेस्टर खूप आवडते. कधी गेली होतीस, विचारलं. म्हणाली, टीव्हीवर. तेरा वर्षांच्या मुलीचं, तेही इंग्लंडात वाढलेल्या मराठीतलं, काय मनावर घ्यायचं.

गुरुवार, २७ एप्रिल.
राजश्री खुशीत. संध्याकाळी फोनवर कुणाशी तरी बराच वेळ हसत होती. ट्रिपचा परिणाम जाण्याआधीच सुरू झालेला दिसतोय.

शुक्रवार, २८ एप्रिल.
पॅकिंग. संकल्प: फ्रान्समध्ये फ्रेंचच खायचं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फक्त इमर्जन्सीसाठी घेतली. दोन डबे.

तिळाच्या तेलाची बाटलीही घेतली. गरम पाण्यात कोरड्या अंगाने उतरायचं म्हणजे अंगाचा अपमान. आमच्याकडे दिवाळीला आधी चांगलं चोळून चोळून तेल, मग गरम पाणी. गोऱ्या लोकांना हे शास्त्र माहीत नाही, म्हणून त्यांची कातडी अशी सालपटासारखी. राजश्रीने विचारलं, तेल कशाला. गुडघ्याला, म्हणालो. खोटं नव्हे. गुडघा अंगातच येतो.

शनिवार, २९ एप्रिल. एव्हियाँ.
गॅटविकहून विमानाने जिनिव्हा, तिथून ट्रेनने लोझान, पुढे बोटीने तळं ओलांडून इथे. बोटीवर राजश्री कठड्याला टेकून उभी होती. केस उडत होते. छान दिसत होती. ती म्हणाली, शशी, तुला एक सांगायचंय. म्हटलं, आधी माझं ऐक. आणि मुद्दा पहिला काढला: मँचेस्टरच्या भर रस्त्यातून ट्राम धावतात, माणसाने चालायचं कुठून? शांतपणे ऐकून घेतलं तिने. तिला काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं. नंतर विचारीन.

गावात एक कारंजं आहे. त्याला एव्हियाँचं पाणी, चोवीस तास, फुकट! लोक कॅन घेऊन रांगेत उभे. आपण बेसिंगस्टोकला हेच विकत घेऊन पितो. उभ्या उभ्या पोट तुडुंब भरून घेतलं. किडनीला उत्तम.

संध्याकाळी तळ्याकाठी फिरताना मुद्दा दुसरा: माझ्यावाचून ऑफिसचं काय होईल. मुद्दा जोरदार होता, पण मधे मधे हॉटेलवर पळावं लागलं. दर वेळी तनू मोठ्याने म्हणायची, आई, बाबा परत गेली. सलग बोलता आलं असतं तर आजच निकाल लागला असता.

उद्यापासून पाणी बेताने.

रविवार, ३० एप्रिल. सकाळ.
आज स्पा. आज मुद्दा तिसरा, पाऊस. हा बाण कधी चुकत नाही.

रविवार, दुपार.
जे झालं ते तटस्थपणे लिहून ठेवतो.

स्विमिंग पूलच्या दारावर एका बाईने मला अडवलं. माझी गुडघ्यापर्यंतची, खिसेवाली, सभ्य शॉर्ट इथे चालत नाही म्हणे. फ्रेंच लोकांना पाण्यात फक्त टाइट चड्डी चालते आणि डोक्याला रबरी टोपी लागते. दोन्ही तिथेच विकत घेतली. चड्डी एवढीशी. टोपी तिच्यापेक्षा मोठी.

चेंजिंग रूममध्ये निवांत तेल लावलं. पाठीपर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून पाठीवर थोडी बाटलीच उपडी केली. बाहेर आलो तर भिंतीवर चित्र: शॉवरखाली उभा माणूस. म्हणजे आधी शॉवर घ्या. विचार केला. शॉवर घेतला तर तेल जाणार. मग लावलं कशाला? ही सूचना तेल न लावणाऱ्यांसाठी असणार.

उतरलो. काय सुख! राजश्री कोपऱ्यात डोळे मिटून पाण्यात मान टेकून बसली होती. मऊ पडली होती. जवळ जाऊन मुद्दा तिसरा सुरू केला. मँचेस्टरला पाऊस कसा आडवा येतो, वाळत घातलेले कपडे चार-चार दिवस ओलेच कसे राहतात. ती डोळे उघडून ऐकायला लागली. मग लक्षात आलं की ती माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघतेय.

मागे पाण्यावर इंद्रधनुष्य. मी जिथून जिथून आलो तिथून तिथून, गोल गोल, मोठं होत चाललेलं. पांढऱ्या टोपीतल्या एका आजीबाईंनी तळहात वर काढून वास घेतला. शेजारणीला दिला. तिनेही घेतला.

शिट्टी वाजली. सगळे बाहेर. पूल आजपुरता बंद, पाणी बदलावं लागणार. ती दारावरची बाई आली आणि हातवारे करून काहीतरी विचारायला लागली. तनू शाळेत फ्रेंच शिकते. तिने भाषांतर केलं: ते बाई विचारतो, इथे सॅलड कोण आहे?

मीही इकडेतिकडे शोधल्यासारखं केलं. कुणाला कळलं नसतं. पण सगळ्यांत मीच तेवढा चकाकत होतो.

मॅनेजरची माफी मागितली. तो बराच वेळ बोलला. तनूने त्यातलं निम्मंच सांगितलं, उरलेलं माझ्या वयाला योग्य नाही म्हणाली.

राजश्री इतकी हसली, इतकी हसली की ओल्या फरशीवर फतकल मारून बसली. डोळ्यांतून पाणी. तिला असं हसताना बघून किती दिवस झाले! मलाही बरं वाटलं. इतकं हसली म्हणजे मन हलकं झालं. म्हणजे पावसाचा मुद्दा पटला.

सोमवार, १ मे. दुपार. तळ्याकाठी.
महाराष्ट्र दिन. तिघांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या. फ्रान्समध्येही आज सुट्टी, ती कामगारांची. सगळं गाव बंद. दुकानं बंद, रेस्टॉरंट बंद, स्पा बंद (माझ्यामुळे नव्हे). चालू फक्त कोपऱ्याकोपऱ्यावर पांढऱ्या घंटीसारखी फुलं विकणारे. आज ही फुलं एकमेकांना द्यायची पद्धत आहे. हॉटेलच्या मालकिणीने राजश्रीला दिली, तनूला दिली. माझ्याकडे बघून हात मागे घेतला.

बाकावर बसून दशम्या काढल्या. ही इमर्जन्सीच. आणि शेवटचा मुद्दा काढला: मेथी. सुंदर बोललो. ती चार वर्षं, ते पहिले कोंब, घरच्या भाजीची पहिली जुडी. बोलता बोलता माझाच आवाज भरून आला.

राजश्री म्हणाली, शशी, मी गुरुवारीच हो म्हटलंय.

मी म्हटलं, कुणाला? म्हणाली, मँचेस्टरला. बोटीवर सांगणार होते, पण तू आधी सुरू झालास.

मग तीन दिवस मला बोलू का दिलंस? तर म्हणाली, तू इतका रंगात आला होतास, मोडवेना.

मग तिने दुसरंही सांगितलं. लग्नानंतर तुझ्या नोकरीसाठी पुण्यातलं चांगलं चाललेलं क्लिनिक सोडून मी बेसिंगस्टोकला आले. तेव्हा मला कुणी तळ्याकाठी नेऊन मुद्दे सांगितले नव्हते. रागाने म्हणाली असती तर उत्तर देता आलं असतं. पण चटणीचा डबा पुढे करत म्हणाली. पुढे म्हणाली, मी आणि तनू जाणारच आहोत, तू आलास तर मला फार बरं वाटेल.

या दोघी नसलेलं घर डोळ्यांसमोर आलं आणि भीती वाटली. मग एक दशमी खाल्ली.

सोमवार, संध्याकाळ. गॅटविकहून घरी जाणाऱ्या ट्रेनमध्ये.
निर्णय घेतला. मँचेस्टरला जायचं. सगळ्या बाजूंनी, अलिप्तपणे, कुणाच्याही दबावाखाली न येता विचार केला. मेथी तिथेही उगवते. पाऊस आडवा का असेना, भाजीला पाणी घालायचा त्रास वाचेल. रेडिंगला गाडी बदलताना प्लॅटफॉर्मवरच दोघींना जाहीर केलं. हा निर्णय माझा आहे, हेही स्पष्ट केलं.

राजश्रीने माझा हात घट्ट धरला. तनू मात्र ‘ओ नो’ म्हणून बॅगेवर बसली.

मंगळवार, २ मे. बेसिंगस्टोक.
तनूच्या ‘ओ नो’चा खुलासा झाला. ट्रिप ठरली त्याच दिवशी मायलेकींची पैज लागली होती. बाबा मँचेस्टरला यायला तयार होणार आणि निर्णय माझाच म्हणणार, यावर दोघींचं एकमत होतं. पैज फक्त कुठे म्हणणार याची. तनूचं म्हणणं, गॅटविकला विमानातून उतरल्याबरोबर. राजश्रीचं म्हणणं, इतक्यात नाही, रेडिंग तरी येऊ दे.

तनू हरली. महिनाभर भांडी घासायची तिच्याकडे. ती मला म्हणाली, तुझ्यामुळे हरलो, आता तू घास.

मुद्दा बरोबर वाटला. आत्ताच घासून आलो.