फ्रिजच्या बटणावरची चिकटपट्टी

९ एप्रिल

गेली! माझ्या बिनमातीच्या, नुसत्या खतपाण्यावरच्या बागेतली लेट्यूसची तिसरी ओळही गेली. पाइपातून रोप उपसलं तर मुळं तपकिरी, बुळबुळीत, आणि वास असा की ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, गटार तुंबलंय का?" दुपारी टाकीतलं खतपाणी ३३ अंश होतं. मुळांना पंचविसाच्या आत हवं. चाळीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरांच्या हाती थर्मामीटर दिले, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या गॅलरीतलं वीस लिटर पाणी थंड ठेवता येत नाही!

११ एप्रिल

टाकीला थर्माकोल. पाइपांना पांढरा रंग. वर दुहेरी जाळी. दुपारी २९. तरी चार जास्तच.

१२ एप्रिल

उपाय सापडला! पाण्याच्या बाटल्या गोठवायच्या आणि दर दोन तासांनी एक टाकीत सोडायची. आमचा एकदाराचा जुना फ्रिज, त्याचं बटण तीनवर होतं ते सातवर नेलं. बर्फाचा कप्पा बाटल्यांनी गच्च. दुपारी २४! लेकीला फोन करून सांगितलं. म्हणाली, "बाबा, लॉटरी लागल्यासारखे काय ओरडताय?"

१५ एप्रिल

बटण कोणीतरी परत तीनवर आणलंय. कोणीतरी म्हणजे कोण, घरात दोघंच आहोत. बाटल्या अर्धवट गोठलेल्या, पाणी २८. मी भडकलो.

"दूध गोठतंय हो," ही म्हणाली.

"गोठू दे. तापवलं की झालं!"

बटण सातवर आणून वर चिकटपट्टी लावली. तिच्यावर पेनने लिहिलं — हात लावू नये. प्रयोगशाळेत लावायचो तशीच.

१६ एप्रिल

दुपारी दोन वाजता २३.५. ही आतून हाका मारत होती, "अहो, जरा इकडे या, हे बघा." थांब, तापमान बघतोय म्हटलं. नंतर गेलो तर म्हणाली, काही नाही.

नवीन पानं तळहाताएवढी झालीत.

२४ एप्रिल

हिची साखर ३४०! सकाळ-संध्याकाळ न चुकता इन्सुलिन टोचून घेते, तरी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोड खाता का? ही नाही म्हणाली. मी मध्येच तोंड घातलं — "बिस्किटांचा डबा आपोआप रिकामा होत नाही."

२७ एप्रिल

३८०. सारखी तहान. जिना चढताना दोनदा टेकली. डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन जवळजवळ दीडपट केलं. लेकीने फोनवर फैलावर घेतलं, "आई, तू काय लहान आहेस का?" मी डब्यातली बिस्किटं मोजून ठेवली. अठरा.

संध्याकाळी ही म्हणाली, "खाल्ली असतील मी. विसरले असेन."

चला, कबूल तरी केलं. मला बरं वाटलं.

२९ एप्रिल

बिस्किटं अठराच. साखर ३९०.

३० एप्रिल

लिहायला लाज वाटते. पण इथेही नाही लिहिलं तर कुठे लिहू?

सकाळी फ्रिजमधून काकडी काढली, तर दगड. सहज म्हणून टाकीतला थर्मामीटर फ्रिजमध्ये ठेवला. उणे दोन. बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेमध्ये हिच्या इन्सुलिनच्या बाटल्या. एकीत चक्क बर्फ. चालू बाटलीच्या तळाशी पांढऱ्या गाठी. खोक्यावर ठळक छापलंय, दोन ते आठ अंश, गोठवू नये. गोठलं की औषध निकामी! दोन आठवडे बायकोला निकामी औषध टोचायला लावलं, आणि वर तिलाच चोर ठरवलं. टाकीचं तापमान दिवसातून सहा वेळा वहीत लिहितो. फ्रिजचं एकदाही नाही!

गुपचूप नवीन बाटल्या आणल्या. जुन्या कागदात गुंडाळून टाकून दिल्या. चिकटपट्टी खरवडून काढली, बटण तीनवर. हिला काही बोललो नाही. उद्या बोलेन.

१ मे

साखर २१०. लेक फोनवर म्हणाली, "बघ आई, बिस्किटं सोडलीस आणि लगेच उतरली!" ही हसली, म्हणाली, हो गं. मी शेजारीच उभा होतो. मूग गिळून.

नेभळट माणूस आहे मी.

२ मे



सकाळी अकराला ही भाजी निवडत होती. एकदम घामाने डबडबली. हातातली सुरी गळून पडली, बोलणं अडखळायला लागलं. यंत्रावर साखर बघितली — ४८! डोस वाढवलेला, आणि आता बाटलीत खरं औषध. हे मला कळायला नको होतं? एक गोष्ट बदलली की बाकी सगळं पुन्हा मोजा, असं पोरांना वर्षानुवर्षं घोकवलं मी. आणि इथे दातखीळ बसली होती, कारण माझी चूक उघडी पडली असती.

साखरेचं पाणी पाजलं. अर्धं हिच्या पदरावर सांडलं. पंधरा मिनिटांनी नजर स्थिर झाली. म्हणाली, "गोड पाजताय? डॉक्टरीणबाई ओरडतील हं."

ओरडल्याच. पण मला. गॅलरीतून फोन करून सगळं सांगितलं. म्हणाल्या, "काका, औषध खराब झालं ही चूक. गप्प राहिलात त्याला मी काय म्हणू?" डोस पुन्हा पहिल्याएवढा. लेकीलाही सांगितलं. ती आईशी बोलली, रडली. माझ्याशी बोलली नाही.

३ मे

टाकीत बाटली टाकली नाही. पाणी ३२.

हिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. ऐकून म्हणाली, "बर्फ झालेला दिसायचा की मला. रोज मुठीत धरून वितळवायचे. दुधाचं तुम्हीच म्हणाला होतात ना, तापवलं की झालं."

अगं, पण मला दाखवायचंस तरी!

"हाक मारली होती. तुम्ही तापमान बघत होतात."